माशी खाणारे रोप आणि इंदूरचे खत

समाजाच्या स्मरणिकेत दरवर्षी अहिल्यादेवींवर एक, होळकरशाहीवर एक आणि जुन्या इंदुरातल्या गणेशोत्सवावर एक, असे लेख असतातच आणि ते आम्हीही आवडीने वाचतो. यंदा संपादकांनी आमच्याकडे इतिहासावर काहीतरी मागितले. आम्ही विषय सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्पच बसले. विषय आहे माशी खाणारे एक रोप. ओंजळीत मावेल एवढे, कुंडीतले. पण त्याची हकीकत अडीचशे वर्षांहून जुनी आहे, आणि आमच्या घरापुरते तरी तिचे एक टोक इथल्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात येऊन पोचते, म्हणून हे धाडस.

दोन वर्षांपूर्वी माघात आमच्या कन्येने पुष्पप्रदर्शनातून व्हीनस फ्लायट्रॅपचे रोप आणले. किंमत ऐकून सौ.ने कपाळाला हात लावला. कुंडी चहाच्या कपाएवढी, त्यात सात पाने, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला दातेरी कडांचा एक छोटा जबडा. माशी बसली की जबडा मिटतो. पहिल्या संध्याकाळी अख्खा वाडा बघायला आला.

घरातली झाडे हा आमच्या बाबांचा प्रांत. त्यामागे कारण आहे. आमचे आजोबा तरुणपणी इथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’त रोजंदारीवर होते. ही संस्था 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने उभी केली. जमीन होळकर दरबाराची होती. आज तिथेच कृषी महाविद्यालय आहे. हॉवर्डसाहेब 1931 पर्यंत इंदुरात होते आणि याच काळात त्यांनी कंपोस्टची ती पद्धत बसवली, जी जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. कापसाच्या आणि तुरीच्या पळकाट्या शेतरस्त्यावर पसरायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जातात. मग 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि 2 फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यायचे. तीन वेळा उलटापालट करायची. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार. 1931 साली यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे, हे इंदूरच्या मराठी माणसांनी जरा अभिमानाने सांगायला हरकत नाही. आजोबा त्या खड्ड्यांतले खत उलटणाऱ्यांपैकी एक. ते गेले, पण गच्चीवरच्या कोपऱ्यात त्याच थरांचा छोटा खड्डा (म्हणजे विटांची पेटी) बाबांनी अजून चालू ठेवला आहे. या खताने वठलेला लिंबू जगवला, तुळस कधी सुकली नाही, आणि शेजारच्या मोगऱ्यालाही ते जाते.

तर नव्या रोपालाही ते मिळाले. दोन मुठी. वर रोज सकाळी नळाचे पाणी. कन्या माशा मारून भरवी. एकदा माशी सापडेना म्हणून तिने एका जबड्यात पनीरचा कण ठेवला. आठ दिवसांत तो जबडा काळा पडला. मग एकामागून एक बाकीचे. बाबांनी आणखी एक मूठ खत घातले. तिसऱ्या आठवड्यात रोप बुडाशी हात लावताच निघून आले.

रोप मेले याचे आम्हाला फार वाटले नाही, झाडे मरतात. पण त्यानंतर बाबा गच्चीवर जाईनासे झाले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, दिवसातले दोन तास ज्याचे गच्चीवर जात, तो दिवाणखान्यात बसून राहू लागला. कन्येने रडता रडता “आजोबा, तुम्हीच जास्त घातलंत” असे म्हटले होते, ते त्यांना लागले असावे. त्यांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, “आपल्या खताने झाड मेल्याचं मी कधी पाहिलं नाही.” कारण शोधणे मग आम्हाला भाग पडले. शिक्षण आमचे डिप्लोमापर्यंतचे, नोकरी राज्य सरकारच्या पाणीखात्यात उपयंत्र्याची. वनस्पतिशास्त्राशी संबंध शून्य. रात्री जेवणानंतर वाचत गेलो आणि कळले की आमच्या घरात जे तीन आठवड्यांत घडले, तेच युरोप-अमेरिकेतल्या भल्याभल्यांच्या हातून शंभर वर्षे घडत होते.

या रोपाचे मूळ गाव एकच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलिना राज्यात विल्मिंग्टन नावाचे शहर आहे. त्याच्या आसपासच्या शे-सव्वाशे किलोमीटरच्या टापूतच ते रानात उगवते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्याची पहिली लेखी नोंद 2 एप्रिल 1759 ची आहे. नॉर्थ कॅरोलिना तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि आर्थर डॉब्स हे तिचे गव्हर्नर. वयाने सत्तरीचे, बागेचे शौकीन. त्यांनी लंडनमधल्या पीटर कॉलिन्सन यांना पत्र लिहिले की आमच्याकडे माशी पकडणारे एक झाड आहे, हात लागताच मिटते, आणि ते 34 अक्षांशावर उगवते पण 35 वर नाही. गव्हर्नराने अक्षांश मोजून झाडाचा पत्ता द्यावा, हे आमच्यातल्या सर्वेक्षणवाल्याला फार आवडले.

कॉलिन्सन कापडाचे व्यापारी. अमेरिकेतून बिया आणि रोपे मागवून इंग्लंडमधल्या श्रीमंत बागांना पुरवणे हा त्यांचा छंद. हे रोप मिळावे म्हणून त्यांनी बरीच वर्षे खटपट केली. पण वाळलेली पाने येत. जिवंत रोप काही येईना. अटलांटिक ओलांडायला शिडाच्या जहाजाला कित्येक आठवडे लागत, डेकवर खाऱ्या पाण्याचे तुषार उडत, गोडे पाणी मोजून मिळे. शेवटी 1768 मध्ये विल्यम यंग नावाच्या माणसाने जिवंत रोपे लंडनला आणली. कॉलिन्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

नाव देण्याचे काम जॉन एलिस यांनी केले. हेही व्यापारीच. त्यांनी ठेवलेले शास्त्रीय नाव ‘डायोनिया मस्किप्युला’. डायोनी म्हणजे ग्रीक कथांतली प्रेमदेवतेची आई. दुसऱ्या शब्दाची मात्र गंमत आहे. लॅटिनमध्ये ‘मस्किप्युला’ म्हणजे उंदराचा सापळा, माशीचा नव्हे. नाव तसेच राहिले. 1770 साली एलिस यांनी एक पुस्तिका छापली. तिचा मुख्य विषय दूरदेशाहून बिया आणि रोपे जहाजातून जिवंत कशी आणावीत हा, आणि शेवटी या नव्या झाडाचे चित्र व वर्णन. झाडाची ओळख आणि ते जगवायची चिंता पहिल्यापासून एकाच पुस्तिकेत आली, असे म्हणता येईल.

एलिस यांनी त्यात एक धीट अंदाज केला: हे पान माशीला धरते ते बहुधा खाण्यासाठी. त्यांनी स्वीडनला लिनियस यांना कळवले. सगळ्या जगातल्या झाडांना आणि प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावे देणारे ते हेच लिनियस. त्यांना झाडाचे फार कौतुक वाटले, पण खाण्याची गोष्ट त्यांनी मानली नाही. लाजाळूसारखेच हे, पान स्पर्शाने मिटते आणि माशी तडफडायची थांबली की सोडून देते, असे त्यांचे मत. प्राण्यांनी झाडे खावीत ही सृष्टीची ठरलेली रीत. झाडाने प्राणी खावा हे उलटे. एवढ्या मोठ्या माणसाचे मत म्हटल्यावर पुढची कित्येक वर्षे बहुतेकांनी तेच धरले. सरकारी नोकरीत असल्याने वरिष्ठांच्या शेऱ्याची ताकद आम्हाला नव्याने समजून घ्यावी लागली नाही.

गंमत म्हणजे विद्वान वाद घालत होते तेव्हा खरी चाचणी एका माळ्याने केली. लंडनच्या किंग्ज रोडवरचे रोपवाटिकावाले नाइट यांनी एका रोपाच्या पानांवर कच्च्या गोमांसाचे बारीक तंतू ठेवले, आणि ते रोप इतरांपेक्षा जोमाने वाढले अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका कीटकशास्त्राच्या पुस्तकात आली. मग 1834 मध्ये खुद्द विल्मिंग्टनमध्ये राहणाऱ्या मोझेस कर्टिस या पाद्रीबुवांनी लिहिले की जबड्यात अडकलेला किडा चिकट द्रवात बुडालेला असतो आणि तो द्रव किड्याला विरघळवत असावा. झाडाच्या गावातच राहत असल्याने त्यांना ते रोजच्या फेरफटक्यात दिसले.

आता पनीर. 1868 मध्ये विल्यम कॅन्बी यांनी या रोपाला निरनिराळे पदार्थ देऊन पाहिले. (हे राहायचे विल्मिंग्टनमध्येच, पण डेलावेअर राज्यातल्या, या दोन विल्मिंग्टनांनी आमची एक रात्र खाल्ली.) मांस पचले. चीज मात्र रोपाला अजिबात मानवले नाही. पाने काळी पडली आणि मेली. हे वाचले तेव्हा आम्ही कन्येला झोपेतून उठवणार होतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन संशोधकाने आणि इंदूरच्या सातवीतल्या मुलीने एकच चूक केली होती. फरक इतकाच की त्यांनी ती छापली.

या सगळ्याला शास्त्राची बैठक दिली चार्ल्स डार्विन यांनी. 1860 च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडच्या ससेक्स भागात नातेवाइकांकडे गेले होते. तिथल्या माळावर त्यांना दवबिंदूची रोपे दिसली. दवबिंदू ही फ्लायट्रॅपची चुलत बहीण. तिच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात आणि किडे त्यात अडकतात. एकेका पानावर इतके किडे पाहून ते चकित झाले आणि पुढची पंधरा वर्षे, बाकी सगळी कामे सांभाळत, त्यांनी या रोपांना दूध, अंड्याचा पांढरा बलक, भाजलेले मांस, काचेचे कण, बाईच्या केसाचे तुकडे असे काय काय देऊन पाहिले. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही हलका केसाचा तुकडा पानाला कळतो, हे त्यांनी मोजले. फ्लायट्रॅपसाठी त्यांनी बर्डन सँडरसन या शरीरशास्त्रज्ञांना गळ घातली आणि 1873 मध्ये सँडरसन यांनी दाखवले की पान मिटताना त्यातून विजेची लहर जाते, प्राण्यांच्या स्नायूत जाते तशी. डार्विन यांचे कीटकभक्षी वनस्पतींवरचे पुस्तक 1875 च्या जुलैत आले.

तरी एक शंका उरलीच होती. माळी म्हणत, जाळीखाली ठेवलेली, एकही माशी न मिळालेली रोपेही आमच्याकडे छान राहतात. मग खाण्याचा उपयोग काय? उत्तर दिले डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी, 1878 मध्ये. त्यांनी दवबिंदूची रोपे सूपच्या बशांमध्ये लावली, प्रत्येक बशीत मधे आडपडदा घातला, एका बाजूच्या रोपांना भाजलेल्या मांसाचे अगदी बारीक कण दिले आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. वरून जाळी. हंगामाअखेर खाल्लेल्या रोपांच्या बिया न खाल्लेल्यांच्या दुपटीहून जास्त भरल्या. न खाताही रोप जगत होते, पण बाळसे धरत नव्हते. घरात वाढवणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की माशी हे या रोपाचे रोजचे जेवण नाही. जेवण ऊन. माशीतून त्याला मुख्यतः नत्र मिळते.

नत्र जमिनीतून का घेत नाही, तर त्याच्या गावच्या जमिनीत तो नाहीच. विल्मिंग्टनच्या आसपासची जमीन म्हणजे वाळू आणि आंबट पाणथळ. वर लांब सुयांचे पाइन वृक्ष, मधूनमधून वणवा लागून गवत जळून जाते म्हणून या बुटक्या रोपाला ऊन मिळते. पावसाने सगळे क्षार धुऊन नेलेले. मुळे थोडी आणि आखूड, पाणी ओढण्यापुरती. क्षार सोसायची त्यांना सवयच नाही. अशा मुळांना शेणखत, मुतारीची माती आणि लाकडाची राख मिळाली तर काय होणार? राख तर आम्लाच्या अगदी उलट. पहिल्या मुठीतच त्याचा निकाल लागला होता. आणि बाबांच्या वाक्यात चूक काहीच नव्हती. हॉवर्डसाहेबांचे खत माळव्याच्या काळ्या मातीतल्या कापसासाठी होते. कापूस जमिनीतून जे ओढून नेतो ते परत करायचे, हा त्याचा हिशेब. या रोपाच्या जमिनीतून कोणी काही नेलेले नाही. परत काय करणार?

पाण्याचा दोष मात्र आमच्याच खात्यात पडला. नर्मदा 1978 मध्ये जलूदहून सुमारे 70 किलोमीटर वाहून इंदुरात आली तेव्हा लोकांनी नळांची पूजा केली होती, असे बाबा सांगतात. पिण्याला ते पाणी उत्तम. आम्ही आयुष्यभर लोकांना हेच सांगितले. पण घरी टीडीएस मीटर लावला तेव्हा नळाचे पाणी 240 भरले, बोरिंगचे 800 च्या वर. या रोपाला 50 च्या आत लागते. कुंडीतले पाणी उडून जाते, क्षार मागे उरतात, रोज थोडे थोडे साठत जातात. आमच्या आरओचे पाणी 45, चालण्याजोगे. गच्चीवर परातीत धरलेले पावसाचे पाणी 12. माणसाला पाजायच्या पाण्याची तपासणी पंधरा वर्षे केली, झाडाला काय पाजतो हे एकदाही बघितले नाही.

हे सगळे आम्ही बाबांना एका रविवारी सांगितले. सूपच्या बशा, चीज, गव्हर्नर, सगळे. राखेपाशी आल्यावर त्यांनी हात वर करून थांबवले. “म्हणजे राख घालायला नको होती,” म्हणाले आणि उठून गच्चीवर गेले. आम्हाला वाटले सुटलो. तर ते खताची पेटी बघायला गेले होते. आठवडाभर कोणी न उलटल्याने तिला वास येत होता.

दुसरे रोप पुढच्या थंडीत आणले. त्याची व्यवस्था आता अशी आहे. माती नाही, खत नाही. ऑर्किडसाठी मिळते ते स्फॅग्नम मॉस आणि धुतलेली जाडी वाळू. कुंडी पाण्याच्या बशीत. सकाळचे चार तास थेट ऊन. एप्रिल-मेमध्ये इंदूर 42 अंशांना पोचले की दुपारी हिरव्या जाळीखाली. थंडीत आपल्याकडे रात्री 8-10 अंशांपर्यंत उतरतात, ते त्याला हवेच असते. तीन महिने ते झोपते, पाने आखूड होऊन जमिनीला चिकटतात, जुने जबडे काळे पडतात. मेले समजून पुष्कळ लोक याच वेळी फेकून देतात. आम्हीही फेकणार होतो. बाबांनी बुडाशी नख लावून पाहिले, हिरवे निघाले, कुंडी वाचली. माशा ते स्वतःच पकडते, पनीर बंद.

आणि बोट लावायचे नाही. जबड्याच्या आत प्रत्येक बाजूला तीन केस असतात. वीसेक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तर ते मिटते. एकदा झाला तर नाही, पावसाचा थेंब असेल म्हणून. मिटल्यावर आतला जीव धडपडत राहिला आणि आणखी स्पर्श झाले तरच पाचक रस सुटतात. जर्मन शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये हे मोजून दाखवले: रोप स्पर्श मोजते. रिकामे मिटले तर दिवसभरात पुन्हा उघडते, पण एक जबडा आयुष्यात थोड्याच वेळा मिटू शकतो. गेल्या गणपतीत आरतीला आलेल्या बालगोपाळांनी दीड दिवसात सगळे जबडे मिटवून ठेवले होते. यंदा बाबांनी कुंडी माळ्यावर हलवली आहे. ज्यांना बघायची त्यांनी बाबांना विचारावे. ते दाखवतील, पण मागे हात बांधायला लावून.

आपल्याकडेही अशी कीटकभक्षी झाडे आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर भाद्रपदात दवबिंदू दिसते, आणि निळीजांभळी ‘सीतेची आसवे’ मुळांजवळच्या सूक्ष्म फुग्यांत पाण्यातले जीव ओढून घेतात. मेघालयाच्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांत घटपर्णी आहे. ही झाडे रानातच बघावीत. विल्मिंग्टनला लोक रानातून फ्लायट्रॅप उपटून विकू लागले, तेव्हा 2014 मध्ये नॉर्थ कॅरोलिना सरकारने तो गंभीर फौजदारी गुन्हा ठरवला. रोपवाटिकेत तयार केलेले रोप मिळते, तेच घ्यावे.

आम्ही हिशेब मांडला आहे: दिवसाला सरासरी 150 मिलिलिटर धरले तर दसऱ्यापासून पुढच्या मृगापर्यंत 40 लिटर पावसाचे पाणी पुरते. म्हणून गच्चीवर झाकणाचे दोन पिंप आले आहेत, तोंडाला सौ.च्या जुन्या साडीचे गाळणे. पहिला पाऊस आम्ही सोडून देतो, कौलांवरची धूळ येते. दुसऱ्यापासून बाबा पन्हळीखाली उभे असतात, छत्री न घेता, आणि कन्या मीटर बुडवून आकडा ओरडून सांगते. परवा 9 आला. लिंबाच्या कुंडीत खत घालता घालता बाबांनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितला.